मधले आकडे

"ताई, अर्धीच घाला हो काडी!"

एकशे सात नंबरचे गृहस्थ खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकत होते. अंगाने आडवे, मिशा भरघोस, आणि नाकात जायच्या वीतभर काडीपुढे अगदी गोगलगाय.

"अर्धी घातली तर रिपोर्टही अर्धाच येईल," ती म्हणाली. "डोळे मिटा. मी दहापर्यंत मोजते. दहा झाले की सुटलात."

शाळेच्या पटांगणात उभ्या केलेल्या पारदर्शक पेटीत ती सकाळपासून उभी होती. पेटीच्या पुढच्या बाजूला दोन भोकं, भोकांना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. ती आत आणि तिचे हात तेवढे बाहेर. तिच्यापर्यंत कुणाचं नाव येत नसे. नळीवर चिकटवलेला नंबर येई आणि पाठोपाठ एक घाबरलेलं नाक येई.

"एक, दोन, तीन... आठ, नऊ, दहा. झालं!"

मिशीवाले डोळे पुसत उठले. मधले आकडे कुठे गेले, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. आजवर कुणालाच सुचलं नव्हतं.

ही युक्ती तिच्या बाबांची. चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेली, हात असा हलका की सुई टोचून झाल्यावर पोरं विचारत, कधी टोचणार म्हणून. तिलाही ते असंच फसवत. सात वर्षांची असताना तिने चोरी पकडली होती. "बाबा, चार, पाच, सहा, सात कुठे गेले?"

"ते मी ठेवून घेतले," बाबा म्हणाले होते. "तुला लागतील तेव्हा देईन."

साथ आली तेव्हा पहिल्या आठवड्यात इमारतीतल्या लोकांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यात तीच माणसं ती जिना चढून गेली की मागून फिनाइल शिंपडू लागली. तिने मुकाट्याने बॅग भरली आणि वसतिगृहातल्या एका खोलीत मुक्काम हलवला. मग एके दिवशी बाबांचा फोन आला. "सध्या इकडे येऊच नकोस."

आईला दमा होता. बाबांचं बरोबर होतं, हे तिलाही कळत होतं. तरी तोंडून निघून गेलंच, "बाबा, तुम्हीपण घाबरता मला?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला. त्याला आज चोवीस दिवस झाले. रोज ती आईशी बोले, पण बाबांना फोन द्यायला सांगत नसे. सगळं जग घाबरलं तरी चालेल, पण बाबांनी घाबरावं हे तिला सोसत नव्हतं.

"एकशे आठ!" झाडाखालच्या टेबलावरून नोंदणीवाल्या काकांनी हाक दिली. "ताई, हे आजोबा बघा. कामावर परत जायला रिपोर्ट हवाय. ह्यांच्या गल्लीच्या तोंडाशी केंद्र आहे, तरी दोन तास चालत इथे आले. म्हणे, इथल्या ताईंचा हात हलका आहे."

"आमची कीर्ती फारच पसरली म्हणायची," ती हसली.

दुपारचे दोन वाजले होते. तिच्या श्वासाने चष्म्यावर वाफ धरली होती, काचेवर ऊन चमकत होतं. समोर येऊन बसलं ते एक धूसर म्हातारपण. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, मास्क फक्त नाकाखाली उतरवलेला, डोळे आधीच मिटलेले. न सांगता त्यांनी मान नेमकी हवी तेवढी मागे केली. असा शहाणा पेशंट आठवड्यातून एखादाच. तिने हलकेच काडी सरकवली.

"एक, दोन, तीन... आठ..."

आजोबांचा हात वर आला. हात पुष्कळांचे वर येत. कुणी मनगट धरत, कुणी ढकलून देत. हा हात मात्र तिच्या काचेसमोर येऊन थांबला. अंगठा आत दुमडलेला, चार बोटं सरळ.

चार.

मग अंगठा उघडला. त्याच्या पेरावर आडवा जुना वण होता, इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या फोडता फोडता पडलेला. पाच. दुसरा हात वर आला. सहा. सात.

काडी बाहेर काढायची, नळीत ठेवायची, झाकण लावायचं. हे सगळं तिच्या हातांनी सवयीने केलं. ती आत नुसती उभी होती आणि चष्म्याच्या आतून वाहणारं पाणी पुसायला हात पेटीच्या बाहेर होते.

"बाबा?"

"लागले होते ना तुला?" बाबा म्हणाले. "फोनवर देता येईनात गं. गळाच भरून आला."

आणि त्यांनी तिचा रबरी हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

रांग मागे सरकली. "अहो आजोबा, हात काय लावताय त्यांना!" कुणीतरी ओरडलं. "भीती नाही का वाटत?"

"हात धुईन की मग. चाळीस वर्षं तेच करतोय."

"पण झाली ना तुमची तपासणी?" काका टेबलावरून म्हणाले. "उठा आता, लोक खोळंबलेत."

"दहा कुठे झालेत अजून?" बाबा म्हणाले. तिच्याकडे बघत, हात तसाच धरून, त्यांनी सावकाश पुढे मोजायला घेतलं. "आठ."

सगळी रांग ऐकू लागली.

"नऊ," बाबा म्हणाले. आणि त्यानंतर बराच वेळ दहा काही येईना.