मोसंबीला ताण

आळं आजही ओलं होतं.

गिरधरने खाली बसून माती मुठीत दाबली. तिचा गोळा झाला. हा सलग चौथा दिवस. मोसंबीची पानं आता कुठे मलूल व्हायला लागली होती, ती पुन्हा तरतरीत दिसत होती. "कोन शे हाऊ धरमात्मा," तो स्वतःशीच पुटपुटला.

धुळ्याच्या म्युनिसिपालटीच्या बागेत गिरधर एकवीस वर्षं माळी होता. पौषातली थंडी त्याच्या आवडीची. गुलाबाची छाटणी झालेली, शेवंती ओसरत आलेली आणि पांझरा नदीवरून येणारा वारा असा, की कान जागेवर आहेत का ते चाचपून बघावं. या दिवसांत माळ्याच्या हाताला काम कमी आणि डोक्याला विचार फार. हिवाळ्यात बागेत दोनच जातीची माणसं येतात, असं त्याचं मत होतं. एक डॉक्टरने धाडलेली, दुसरी घरच्यांनी घालवलेली. माळ्याला अक्कल मात्र दोघंही शिकवतात. मफलर गुंडाळलेले एक पेन्शनर मास्तर तर रोज झाडापाशी थांबून म्हणत, "गिरधर, तहानेनं मारतोस की रे याला."

तो मारत नव्हता, ताण देत होता. मोसंबीचं पाणी दीड महिना तोडायचं, पानं गळू द्यायची. आता आपलं काही खरं नाही, असं झाडाला वाटलं पाहिजे. मग संक्रांतीनंतर खत घालून पोटभर पाणी दिलं, की ते फुलांनी लगडतं. पण मध्येच कुणी दया दाखवली, तर सगळं मुसळ केरात.

आणि यंदा फळ धरायलाच हवं होतं. सात वर्षांत त्या झाडाने एकही मोसंबी दिली नव्हती. प्रेसिडेंटसाहेबांना त्या जागी बँडसाठी चौथरा बांधायचा होता. "वांझ झाड कशाला पोसायचं?" ते म्हणाले होते. तेव्हा गिरधरने भर कमिटीपुढे त्यांचे पाय धरले. एक वर्ष द्या म्हणाला. एवढं तो जन्मात कधी बोलला नव्हता.

घरी तर तो बोलतच नसे. बागेच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, आणि तिथे राज्य होतं त्याच्या बायकोचं, तानुबाईचं. मुलगा मगन कापसाच्या जिनात कामाला. मोसंबीचं रोप लावलं त्याच साली सून भागाबाई पहूरहून आली. सात वर्षं झाली, पाळणा हलला नाही. आता तानुबाईने मगनच्या दुसऱ्या लग्नासाठी पारोळ्याची एक मुलगी हेरून ठेवली होती. संक्रांत झाली की पारोळ्याचे पाहुणे सुपारी फोडायला येणार होते, आणि भागाबाईला तिचा भाऊ पहूरला घेऊन जाणार होता. दिवाळीपासून घरात तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. मगन मान खाली घालून जेवायचा. गिरधरला वाईट वाटे. पण बायकांच्या गोष्टीत आपण कशाला पडा, असं म्हणून तो कुदळ उचलून बागेत जाई.

पाचव्या दिवशी तो उजाडायच्या आतच घोंगडी पांघरून मेंदीच्या कुंपणाआड बसला. मास्तरांना रंगेहाथ पकडायचं त्याने ठरवलं होतं. फटफटायला लागलं तेव्हा मागच्या फाटकाची कडी वाजली. डोक्यावर पदर, कमरेवर घागर. भागाबाई.

म्हणजे कुंपणच शेत खात होतं. गिरधर ताडकन उठला. ती दचकली, पण आधी तिने घागर आळ्यात रिकामी केली, मगच खाली ठेवली.

"हाई काय करस, माय?" त्याने विचारलं.

"हाई झाड तोडनार शेतस ना, आबा. बठ्ठा लोक म्हनतस." ती जमिनीकडे बघत म्हणाली. "तुम्ही त्यानं पानीबी बंद करं. मन्हा मनमा उनं, जावानं शे ते जाऊ दे. पन जाता जाता तहानेल नको जावाले."

गिरधरचा राग तिथेच विरला. ताण म्हणजे काय, ते त्याने तिला समजावून सांगितलं. तिच्या पाण्याने तो ताण मोडला, यंदाचा बहार गेला, हे मात्र सांगितलं नाही. मग जरा फुशारकीनेच म्हणाला, "आत्ते तोडत नहीत त्याले. मी सायबना पाय धरात. एक वरीस मांगी लिधं."

भागाबाईने झाडाकडे वर पाहिलं. तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, टोमणाही नव्हता.

"झाडनं नशीब बरं शे, आबा. त्यानाकरता मांगनारं कोनी तरी व्हतं."

घागर उचलून ती निघून गेली. गिरधर ओल्या आळ्याकडे बघत उभा राहिला. त्याला लाज वाटली, इतकी की त्या थंडीतही कानशिलं तापली. साहेबापुढे चुरूचुरू चालली ती जीभ घरात कुठे गेली होती?

तो खोलीत शिरला तेव्हा तानुबाई चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापत होती. भागाबाई कोपऱ्यात भांडी घासत होती. मगन डबा बांधून निघायच्या बेतात होता. गिरधर दारातच उभा राहिला. दिवाळीपासून या घरात एवढ्या मोठ्याने कुणी बोललं नव्हतं.

"मगन, आज जिनमा नको जाऊ. पारोळाले जाय," तो म्हणाला. "त्या पाव्हनासले सांगी ये, येवानं काम नही. आमना घरमा सून शे."