सोबती

नरहरपंतांनी बायकोचा दंड धरूनच तिला मतदानाच्या खोलीत आणलं. शाई लावायला रत्नप्रभाबाईंनी डावा हात पुढे केला. उजवा दंड नरहरपंतांच्याच मुठीत राहिला.

"इन्हें दिखता नहीं," ते टेबलामागच्या अधिकारी बाईंना म्हणाले. "मैं साथ जाऊँगा. पिछली बार भी बटन मैंने ही दबाया था." मग त्यांचं लक्ष बाईंच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे गेलं. "वैजयंती देशकर? अरे वा! म्हणजे मराठी, आपल्यातल्याच. मग काय, प्रश्नच मिटला."

"इथे बसल्यावर मी कोणातलीच नाही, काका."

मागच्या खेपेला मोतीबिंदू होता, हे खरं. पण ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, तरी नरहरपंतांच्या लेखी रत्नप्रभाबाईंना अजून दिसत नव्हतं. पेपर तेच वाचून दाखवत, निम्मा गाळून. कारखान्यात तीस वर्षं फोरमनकी केलेला माणूस, हाताखाली कोणीतरी लागायचंच. त्याही 'असू दे' म्हणत आल्या होत्या.

वैजयंतीबाईंनी न दिसणाऱ्या मतदाराच्या सोबत्याने भरायचा फॉर्म पुढे ओढला, पण पेन उचललं नाही.

"काकू, मशीनवरची चिन्हं ओळखू येतील तुम्हाला?"

"नाही येणार," नरहरपंत म्हणाले.

"मी काकूंना विचारलं."

"अहो, आमचं दोघांचं मत एकच असतं!"

"असेल. कोणाला, ते आम्ही विचारत नाही. कोण देतंय, ते बघावं लागतं."

दंडावरची बोटं आवळली. मागे रांगेत सगळी टाउनशिपमधली ओळखीची माणसं. "सांग ना गं, नाही दिसत म्हणून," नरहरपंत पुटपुटले. "घरी जायचंय."

घरी तर जायचंच होतं. यांच्याबरोबरच.

रत्नप्रभाबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"यांच्या कॉलरला सकाळच्या पोह्यांवरची शेव चिकटलीय," त्या म्हणाल्या. "आणि खिशात माझा चष्मा आहे."

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. वैजयंतीबाईंनी फॉर्म बाजूला सारला आणि चष्म्यासाठी नरहरपंतांपुढे हात पसरला.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे रत्नप्रभाबाई एकट्याच उभ्या होत्या. नावं बाराच होती. मत यांच्याच माणसाला द्यायचं, हे त्यांचं आधीच ठरलं होतं. तो त्यांनाही बरा वाटे.

"झालं का गं?" बाहेरून आवाज आला.

दंड चोळत त्यांनी पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.

"थांबा हो," त्या म्हणाल्या, "वाचतेय."