वाढत्या अंगाचं माप

शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आला की तेवढ्यापुरतं सकाळी घटकाभर तिथून ऊन आत यायचं.

गेल्या वर्षी त्या उन्हात समोरच्या भिंतीवर गजांसोबत एका मुलीची सावली पडली. खिडकी तिसऱ्या मजल्यावरची. बाहेर पाय टेकायलाही जागा नाही. काकूंनी मात्र सवयीने गळ्यातली टेप काढली आणि खांदा, छाती, उंची अशी मापं घेऊन टाकली.

"सावलीला कुणी फ्रॉक शिवतं का?" नवरा हसला होता. "आणि शिवणारच असशील, तर वाढत्या अंगाचा शिव."

"सावली कुठली वाढतेय!" म्हणत काकूंनी अगदी मापात शिवला.

आज पुन्हा तोच दिवस. काकूंनी फ्रॉक हँगरला लावून खिडकीच्या गजाला अडकवला आणि दोघं भिंतीकडे बघत उभे राहिले. ऊन आलं. आधी गज उमटले, मग रिकामा हँगर, मग मुलगी. फ्रॉक तिच्या अंगात होता, पण गुडघ्यांच्या बराच वर. तिने वाकून तो खाली ओढून पाहिला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" शेजारून नवरा हळूच म्हणाला.

तेवढ्यात मागून, खिडकीच्या बाजूने, कुणीतरी काकूंच्या गळ्यातली टेप अलगद ओढली.