दोन अक्षरं

चंद्रावरच्या गोदीतल्या कारकुनानं यादी पुन्हा वाचली आणि मान हलवली. "तांडेलकाका, तुमच्या लेकीचं नाव हुतात्म्यांच्या भिंतीवर घेता येणार नाही. 'पैनगंगा' फुटलं तेव्हा ते नौदलाचं जहाज नव्हतंच."

"नौदलाच्या गणवेशात मेली माझी पोर."

"गणवेशाला कोण विचारतो, काका? जहाजाच्या नावाआधी 'अं. नौ.' असेल तरच ते अंतराळ नौदलाचं, नाहीतर नुसतं मालवाहू. जहाज सुटायच्या आदल्या दिवशीच ती दोन अक्षरं काढली होती. हा बघा कागद."

तांडेलांना कागद वाचावा लागला नाही. तीस वर्षं ते याच गोदीत जहाजांवर नावं रंगवत आले होते. त्या दिवशी साहेब म्हणाले होते, "आत्ता खरवडून टाका, परत आल्यावर नव्यानं रंगवू." लेक शिडी धरून उभी होती. "बाबा, जाताना कशाला पुसताय?" तिनं विचारलं होतं.

"परत येशील तेव्हा कोरं करकरीत दिसेल," असं म्हणून त्यांनी पत्रा अगदी लख्ख केला होता.

कागदाच्या तळाशी 'काम पूर्ण' असं छापलं होतं. पुढे त्यांचीच सही होती, जहाजावर नाव काढावं तशी सुबक.