उलट्या पिळाची गाठ

ओमानजवळच्या समुद्रातून यंत्राने वर काढलेला जाळ्याचा तुकडा घेऊन समुद्र-न्यायालयाची बाई हर्णैला आली, तेव्हा धनुबाई ओट्यावर बोंबील निवडत होती. त्या जाळ्यात अडकून एक देवमासा मेला होता. ज्याचं जाळं, त्याच्या होड्या पाच वर्षं बंद, हा कायदा आता सगळ्या देशांना लागू होता.

“जाळ्यावरचा मालकाचा शिक्का झिजलाय, मावशी, नुसतं ‘हर्णै’ वाचता येतं. तुमचं नसेल तर नाही म्हणा. मी तसं लिहिते.”

“नाही म्हणा, आय,” सून रेवती कुजबुजली. तिचा नवरा मोरेश्वर तीन वर्षांपूर्वी होडी-जाळ्यासकट बेपत्ता झाला, तेव्हापासून उरलेल्या एका होडीवर घर चालत होतं.

“काय बोलायचं ते मला शिकवू नकोस,” म्हणत धनुबाईने तुकडा हातात घेतला. एका जागी तो सांधलेला होता. गाठ उलट्या पिळाची, डावखुऱ्या हाताची. अख्ख्या बंदरात अशी गाठ एकटा मोरेश्वर मारायचा.

“हा सांधा कधीचा?”

बाईने दोऱ्यावर वय मोजायचं यंत्र धरलं. “जाळं जुनं आहे. पण हा दोराच आठ महिन्यांपूर्वी बनलाय.”

रेवतीने पुढे होऊन त्या गाठीवर बोट ठेवलं. धनुबाई बाईकडे वळली.

“लिही, जाळं माझं आहे.”

“होडी बंद होईल, मावशी.”

“होऊ दे. मालक ठरला की जाळं कुणाकुणाच्या हातातून गेलं ते तुम्हाला शोधावंच लागतं ना? मेलेल्या माशासाठी एवढ्या लांब आलीस. आता माझ्या जित्या पोरासाठी जा.”