उजव्या हाताचा मोर

पुस्तक वाचून झालं की त्यातलं काहीतरी हाताने करायचं, असा आमच्या घरचा नियम आहे. आज मोराचं पुस्तक होतं. कागदावर पंजा ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची. अंगठ्याची मान, बोटांचा पिसारा. मी कुकर लावून आले तोवर शाल्मलीचे आठ मोर रंगून फरशीवर वाळत होते.

सात मोर उजवीकडे बघत होते. ती पेन्सिल उजव्या हातात धरते, त्यामुळे डावाच पंजा गिरवला जातो. आठवा मात्र डावीकडे बघत होता. मी तिचा उजवा हात त्यावर ठेवला. तो नेमका बसला. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा रेघ हललेली नव्हती, आणि डाव्या हाताने तिला साधी उभी रेघ जमत नाही.

"हा कुणी गिरवून दिला गं?"

"हिने," शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघत ती म्हणाली. घरात आम्ही दोघीच होतो.

शाल्मली कोरा कागद पाटापुढे सरकवून त्यावर जपून पेन्सिल फिरवायला लागली. मग वैतागून माझ्याकडे वळली.

"आई, हिचा हात गिरवताच येत नाहीये. पेन्सिल कुठे अडतच नाही."