तात्पुरता रस्ता

सकाळी पावणेसातला पाणथळीचा बांध फुटला. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते.

परवानगी खात्याच्या अधिकारीबाई पोचल्या तेव्हा कंत्राटदार आधीच हजर होता, आणि त्याच्यामागे मुरमानं भरलेले डंपर रांगेत उभे होते. भगदाडातून गढूळ पाणी खालच्या गल्लीकडे धावत होतं. त्या गल्लीत, तळमजल्यावर, बाईंची आई राहायची.

ही पाणथळ भरून तिथं दुकानांचे गाळे काढायचा अर्ज कंत्राटदारानं तीनदा केला होता. तीनदा बाईंनी तो परत पाठवला होता. कारण दर वेळी एकच: वरचं पाणी इथं येऊन थांबतं, म्हणून खालची गल्ली कोरडी राहते.

बाई भगदाडाच्या काठाशी वाकल्या. दोन्ही कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ होत्या. ओल्या मातीत यंत्राच्या दातांचे ओरखडे, एकाशेजारी एक. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले.

"पाण्यानं फुटलेला बांध असा दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"चौकशी लावा ना, मॅडम. मी कुठं पळून चाललोय? चौकशी काय, सावकाश होईल. पाणी तेवढं थांबायचं नाही."

"आणि हे डंपर? सकाळी सकाळी भरून तयार?"

"दुसऱ्या साइटवर निघाले होते. म्हटलं, लोकांच्या उपयोगी पडू." मागचा एक ड्रायव्हर तोंड फिरवून हसला.

नियम साधा होता. बाईंच्या सहीशिवाय पाणथळीत घमेलंभर मातीही पडू शकत नव्हती. जीविताला धोका असला तर मात्र पाहणी, हरकती, सुनावणी काहीच लागत नव्हतं. जागेवरची एक सही पुरत होती. बाईंनी वाळूच्या गोण्यांसाठी नगरपालिकेला फोन लावला. गोण्या दुपारनंतर बघू, असं उत्तर मिळालं.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"अगं, मी पलंगावर चढून बसलेय. गॅसची रिकामी टाकी घरभर फिरतेय नुसती."

"वरच्या मजल्यावर जा ना शेजाऱ्यांकडे."

"हे गुडघे घेऊन? जिना चढवला असता तर तळमजल्यावर कशाला राहिले असते? तू एवढी पाण्याची साहेब ना, मग सांग की त्याला थांबायला."

बाईंनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: फक्त भगदाड बुजवण्यापुरती परवानगी. बांधाच्या आतल्या बाजूला माती टाकू नये.

कंत्राटदारानं कागद वाचला. "एकदम बरोबर. फक्त डंपर तिथवर न्यायचे कसे, तेवढं सांगा. बांधावरून नेले तर उरलेला बांधही बसेल. गल्लीतून पाणी वाहतंय. राहिली ही बाजू." त्यानं पाणथळीकडे हात केला. "मधून रस्ता टाकावा लागेल. तात्पुरता."

बाईंनी आजवर पुष्कळ तात्पुरते रस्ते मंजूर केले होते. पुढं उखडलेला एकही पाहिला नव्हता.

"किती रुंद?"

"डंपरला डंपर ओलांडेल इतका."

फोन पुन्हा वाजू लागला. आईचाच होता. बाईंनी तो उचलला नाही. माती न टाकण्याची ओळ खोडून 'तात्पुरत्या रस्त्यासह' असं लिहिलं आणि सही केली. कंत्राटदारानं शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरला.

दुपारी चारला भगदाड बुजलं. सरळ कडा मुरमाखाली गेल्या. पाचला बाईंनी कंत्राटदाराला फोन केला.

"काम झालं ना? मग डंपर अजून का चालू आहेत?"

"रस्ता खचतोय, मॅडम. तो पक्का नको करायला? उद्या तुम्ही उखडायला सांगाल, तेव्हा डंपर आत गेले तर पाहिजेत."

दिवेलागणीला बाई आईकडे गेल्या. कंत्राटदाराच्या दोन माणसांनी घरातला चिखल काढून फरशी धुतली होती. पलंग पुसला होता, टाकी जागेवर होती.

"देवमाणूस आहे गं," आई म्हणाली. "स्वतः येऊन गेला. मला 'आई' म्हणाला. तू तर फोनसुद्धा उचलला नाहीस."

"आई, बांध त्यानंच फोडलाय."

"काहीतरीच! फोडणारा कशाला बुजवायला येईल?"

बाईंनी फोटो दाखवले. आईनं चष्मा लावला, मोबाइल जवळ धरला, लांब धरला.

"चिखल दिसतोय नुसता," ती म्हणाली आणि मोबाइल परत दिला. "हे बघ, गल्लीनं मिळून अर्ज केलाय. ते डबकं एकदाचं भरून टाका म्हणून. तिथं पाणी साठतं, म्हणूनच फुटतं ना? पहिली सही माझी घेतली. म्हणाले, तुमचा मान."

"ते भरलं तर पाणी जाईल कुठं, आई?"

"ते तुम्ही साहेब लोकांनी बघायचं."

बाहेर रिव्हर्स घेणाऱ्या डंपरचा भोंगा वाजत होता. एकाचा थांबला की दुसऱ्याचा सुरू होत होता. आईनं खिडकी लावून घेतली.

"उद्या अकराला सगळे तुझ्या ऑफिसात येणार आहेत अर्ज घेऊन. मीही येतेय." ती गुडघ्यावर हात ठेवून पलंगावर टेकली. "लिफ्ट आहे ना गं तिथं?"